97 अंशांवरचा कोरा चहा

बेंगळुरूच्या एचएसआर लेआउटमध्ये पाणी साधारण 97 अंश सेल्सिअसला उकळतं. मुंबईत ते 100 अंशांना उकळतं, पुण्यात 98च्या आसपास आणि उटीला जेमतेम 92-93 अंशांना. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीवर वसलं आहे आणि दर 300 मीटरमागे पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण एक अंशाने उतरतो. आलं ठेचून, दूध-साखर घालून चहा गॅसवर उकळत ठेवला की या तीन अंशांनी काही बिघडत नाही. पण चहाची अख्खी पानं किटलीत घालून, त्यावर फक्त आधणाचं पाणी ओतून केलेल्या कोऱ्या चहात ते जाणवतात. रोज तसा चहा करणाऱ्याला आपण कोणत्या गावात राहतो याचा पत्ता कपातून लागतो.

होसूर-सर्जापूर रोड लेआउट हे या वसाहतीचं पूर्ण नाव. बेंगळुरू विकास प्राधिकरणाने 1980च्या दशकात आखलेली ही वसाहत आज सात सेक्टरांत पसरली आहे. एका अंगाला अगरा तलाव, दुसऱ्या अंगाला सिल्क बोर्डाचा गजबजलेला चौक, मधल्या रस्त्यांवर स्टार्टअपची कार्यालयं आणि दर्शिनी हॉटेलं. पुणे, नागपूर, कोल्हापूर, बेळगावकडून नोकरीसाठी आलेली मराठी कुटुंबंही या भागात राहतात. गाव मात्र कॉफीचं. देशातल्या एकूण कॉफीपैकी सुमारे 70 टक्के कॉफी एकट्या कर्नाटकात पिकते आणि कॉफी बोर्डाचं मुख्यालयही बेंगळुरूतच आहे. तरी चहानेही इथे आपली जागा केली. ‘चाय पॉइंट’ ही चहाच्या दुकानांची साखळी 2010मध्ये याच शहरात सुरू झाली. हल्ली दार्जिलिंग, आसाम किंवा निलगिरीच्या मळ्यातली सुटी चहापत्ती मागवून घरी चाखत बसण्याचा छंदही शहरांमधून रुजतो आहे.

हा छंद खर्चिक नाही, अवघडही नाही. त्याला थोडी शिस्त मात्र लागते, आणि ती शिस्त पाळली की रोजच्या सवयीची वस्तू नव्याने कळू लागते.

पान आणि दाणा

मराठी घरात चहा म्हटलं की डब्यात असतात ते बारीक, काळपट, गोल दाणे. व्यापारात याला ममरी म्हणतात. यंत्राच्या दातेरी रुळांमध्ये पान चिरडून, फाडून, गोळीसारखं वळवलं जातं. ही पद्धत 1930च्या सुमारास आसामच्या अमगुरी मळ्यात विल्यम मॅककर्चर यांनी शोधली आणि तिच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून सीटीसी हे नाव पडलं. दाणा बारीक, त्यामुळे रंग झटकन उतरतो. दूध-साखरेच्या चहाला असाच चहा लागतो, कारण दुधातूनही तो आपला कडकपणा राखतो. भारतात वर्षाला 130 कोटी किलोच्या आसपास चहा तयार होतो. त्यातला 80 टक्क्यांच्या वर देशातच प्यायला जातो आणि एकूण उत्पादनात जवळपास नऊ दशांश वाटा सीटीसीचा असतो.

उरलेला बहुतेक चहा ‘ऑर्थोडॉक्स’ पद्धतीचा, म्हणजे जुन्या रीतीने पान अख्खं राखून केलेला. कोवळी दोन पानं आणि एक कळी खुडून आणली की ती आधी सुकत ठेवतात. ताज्या पानात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणी असतं. बारा ते अठरा तासांत ते बरंच कमी होऊन पान चामड्यासारखं लवचिक होतं. मग ते यंत्रावर वळतात. वळताना पेशी फुटतात, आतला रस हवेला लागतो आणि पानातल्या विकरामुळे ऑक्सिडीकरण सुरू होतं. चिरलेलं सफरचंद उघडं ठेवल्यावर काळं पडतं, तीच ही क्रिया. हिरव्या पानातली कॅटेचिन नावाची द्रव्यं एकत्र येऊन थिआफ्लेविन आणि थिआरुबिजिन तयार होतात. पहिल्याने चहाला सोनेरी चमक आणि जिभेवरची तरतरी येते, दुसऱ्याने लालसर तपकिरी रंग आणि भरीवपणा. कारागिराला हवा तो क्षण आला की गरम हवेने पान वाळवतात आणि क्रिया तिथेच थांबते. वाळलेल्या पानात जेमतेम तीन टक्के पाणी उरतं.

हिरवा, ऊलाँग आणि काळा हे तिन्ही चहा कॅमेलिया सायनेन्सिस या एकाच झाडाचे. काळ्या चहात ही क्रिया पुरती होऊ दिलेली असते, एवढाच भेद.

कोऱ्या चहाची ओळख मराठी माणसाला नवी नाही. कोकणात दूध दुर्मीळ होतं तेव्हा गुळाचा कोरा चहा घरोघर होत असे आणि आजही होतो. पण तिथेही भांड्यात जायची ती बारीक पत्ती किंवा पूड. अख्ख्या पानाचा चहा देशात पिकत होता, पण त्यातला बराचसा परदेशी जायचा आणि आपल्या दुकानांपर्यंत पोचायचा नाही.

शेजारचे मळे

एचएसआरमध्ये राहणाऱ्याला या बाबतीत भूगोलाची साथ आहे. मैसूर आणि बंडीपूरमार्गे उटी पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास, आणि त्याच्या थोडं पुढे कुन्नूर. निलगिरीचा चहा याच डोंगरांवर, हजार ते अडीच हजार मीटर उंचीवर वाढतो. तियाशोला हा मळा 1859चा. कोरकुंडा खूप उंचावर आहे. ग्लेनडेल, हवुकल, क्रेगमोर ही नावं सुट्या चहाच्या पाकिटांवर दिसतात. दक्षिणेतल्या मळेवाल्यांची ‘उपासी’ ही संघटना 1893मध्ये बेंगळुरूतच स्थापन झाली. आज तिचं मुख्य कार्यालय कुन्नूरला आहे. कुन्नूरला 1963पासून चहाचा लिलाव चालतो.

दार्जिलिंगच्या झाडांना थंडीत विश्रांती असते, निलगिरीत मात्र वर्षभर तोडणी चालते. डिसेंबर ते मार्च हा तिथला उत्तम हंगाम. रात्री दहिवर गोठतं, पानांची वाढ मंदावते आणि सुगंध एकवटतो. या काळातल्या चहाला व्यापारी ‘फ्रॉस्ट टी’ म्हणतात. लास वेगास इथे 2006मध्ये झालेल्या लिलावात निलगिरीचा एक खास चहा किलोला 600 डॉलरना विकला गेला. ज्या भागाचा चहा बहुतांशी मिश्रणात भर म्हणून वापरला जायचा, त्याच्यासाठी ही मोठी दाद होती.

या डोंगरांची दुसरी बाजूही चहा पिणाऱ्याने ध्यानात ठेवावी अशी आहे. निलगिरीत हजारो छोटे शेतकरी आहेत. ते पान खुडून कारखान्याला विकतात आणि त्यातल्या बहुतेक पानाचा सीटीसी होतो. कच्च्या पानाला भाव पुरत नाही ही त्यांची जुनी तक्रार. ‘टॅनटी’ हा तमिळनाडू सरकारचा मळा-उद्योग श्रीलंकेतून परतलेल्या तमिळ कुटुंबांना काम मिळावं म्हणून उभा राहिला. 1964च्या सिरिमावो-शास्त्री करारानंतर ही कुटुंबं भारतात आली होती. चांगल्या सुट्या पानाला ग्राहक वाढले तर उत्तम पान खुडणाऱ्याच्या हातीही चार पैसे जास्त पडण्याची वाट उघडते.

कर्नाटकातही थोडा चहा होतो. चिकमगळूरच्या कॉफीच्या डोंगरांत केळगूरचा मळा आहे आणि हासन जिल्ह्यात सकलेशपूरजवळ कडमने. दोन्ही नावं बेंगळुरूच्या दुकानांत विचारून पाहण्यासारखी आहेत.

आधी पाणी

कपातला जवळजवळ सगळा भाग पाणी असतो. त्यामुळे प्रयोगाची सुरुवात पानापासून न करता पाण्यापासून करावी. बेंगळुरूला कावेरीचं पाणी सुमारे शंभर किलोमीटरवरून, तोरेकाडनहळ्ळीहून पंपांनी चढवून आणलं जातं. एचएसआरमध्ये मात्र इमारतीगणिक पाणी बदलतं. कुठे कावेरीचा नळ, कुठे बोअरवेल, कुठे टँकर, तर कुठे तिन्हींचं मिश्रण. 2024च्या उन्हाळ्यात शहरात पाण्याची तीव्र टंचाई झाली तेव्हा अनेक सोसायट्यांना टँकरचा आधार घ्यावा लागला.

बोअरवेलचं पाणी बऱ्याचदा जड असतं, म्हणजे त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतात. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात एकूण विरघळलेले क्षार लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत आणि जडपणा 200 मिलिग्रॅमपर्यंत इष्ट मानला जातो. जड पाण्यात कोरा चहा मातकट दिसतो आणि थोड्या वेळाने त्यावर तेलकट दिसणारा पापुद्रा धरतो. अनेकांना ती पत्तीतली भेसळ वाटते. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या मायकेल स्पायरो आणि देओग्रातियुस जगन्यी यांनी 1990च्या दशकात या पापुद्र्याचा छडा लावला. पाण्यातलं कॅल्शियम आणि बायकार्बोनेट, चहातली द्रव्यं आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र आले की तो बनतो. मृदू पाण्यात तो धरत नाही आणि लिंबू पिळलं तरी नाहीसा होतो.

मग घराघरांत बसवलेल्या आरओ यंत्राचं पाणी वापरावं का? त्यात पापुद्रा येत नाही, रंगही झळझळीत उतरतो. पण यंत्राने क्षार फारच कमी केले तर चहा पोकळ किंवा नुसताच तुरट लागतो. चहाचे जाणकार लिटरला साधारण 50 ते 150 मिलिग्रॅम क्षार असलेलं पाणी पसंत करतात. क्षार मोजण्याचं पेनासारखं यंत्र काही शे रुपयांत मिळतं. तेवढाही खर्च नको असेल तर सोपी चाचणी आहे. एकच पत्ती, तितकीच मिनिटं आणि तीन कप: एक आरओच्या पाण्याचा, एक गाळलेल्या नळाच्या पाण्याचा, एक दोन्ही निम्मेनिम्मे घालून. तीन कपांमधला फरक नवख्यालाही कळतो.

आणि ते तीन अंश? पाणी 97ला उकळलं, थंड किटलीत ओतलं की ते क्षणात 90च्या खाली येऊ शकतं. म्हणून किटली आधी गरम पाण्याने विसळून घ्यावी, पाणी खळखळा उकळताच ओतावं आणि झाकण लगेच ठेवावं. मुंबईत चार मिनिटांत उतरणारा आसामचा चहा इथे अर्धा मिनिट जास्त ठेवून पाहावा. दार्जिलिंगच्या कोवळ्या वसंती पानाला मुळातच 85 ते 90 अंश पुरतात. त्यासाठी उकळलेलं पाणी मिनिटभर थांबवून ओतलं की झालं.

काटा, घड्याळ आणि वही

कुन्नूर किंवा कोलकात्याच्या लिलावाआधी चहा पारखणारे लोक पांढऱ्या भांड्यांची रांग मांडतात. प्रत्येकात सारखी पत्ती, सारखं पाणी, सारखा वेळ. मग चमच्याने चहाचा जोरात फुरका मारतात, जिभेवर फिरवतात आणि थुंकतात. फुरका मारताना हवा आत जाते आणि वास नाकाच्या मागच्या बाजूपर्यंत पोचतो, म्हणून हा आवाज. अशा पारखीसाठी 1980पासून आयएसओ 3103 हे आंतरराष्ट्रीय मानक आहे: 100 मिलिलिटर पाण्याला 2 ग्रॅम पत्ती आणि सहा मिनिटं. हा चहा मुद्दाम कडक ठेवलेला असतो, म्हणजे दोष लपत नाहीत. पिण्यासाठी 150 ते 200 मिलिलिटर पाण्याला 2 ते अडीच ग्रॅम पत्ती आणि तीन-चार मिनिटं एवढं प्रमाण पुरतं.

इथे चमच्यावर भिस्त ठेवता येत नाही. सीटीसीचा भरगच्च चमचा आणि लांब पिळाच्या पानांचा फुगीर चमचा यांच्या वजनात मोठी तफावत असते. म्हणून ग्रॅमच्या दहाव्या भागापर्यंत मोजणारा छोटा काटा घ्यावा. दागिने तोलण्यासाठी विकला जाणारा स्वस्त काटाही चालतो. बाकी लागते ती काचेची किंवा चिनी मातीची किटली आणि रुंद गाळणी. साखळीला लटकणाऱ्या जाळीच्या छोट्या गोळ्या टाळाव्यात. भिजल्यावर पान मूळ आकाराच्या कितीतरी पट फुलतं आणि कोंडलेल्या पानातून चव नीट उतरत नाही.

प्रयोगाचा नियम शाळेतल्या विज्ञानाचाच, एका वेळी एकच बदल. एका आठवड्यात फक्त वेळ बदलावा. दोन मिनिटांचा कप, मग तीन, चार, पाच मिनिटांचा. कॅफीन आणि अमिनो आम्लं लवकर उतरतात, तुरट आणि जड द्रव्यं सावकाश. त्यामुळे दोन मिनिटांचा कप गोडसर आणि हलका लागतो, पाच मिनिटांचा भरीव आणि जीभ ओढणारा. दुसऱ्या आठवड्यात वेळ तोच ठेवून पत्तीचं वजन बदलावं. तिसऱ्यात पाणी. चौथ्यात त्याच पत्तीचा दुसरा हात. चांगलं अख्खं पान दुसऱ्यांदाही चव देतं, फक्त वेळ मिनिटभर वाढवावा लागतो. बारीक दाण्याचा जोर पहिल्याच पाण्यात संपतो.

वहीत चार गोष्टी लिहाव्यात: पत्तीचं नाव, ग्रॅम, मिनिटं आणि एका ओळीत चव. चवीसाठी परदेशी शब्दकोश शोधायची गरज नाही. भाजलेल्या हरभऱ्याचा वास, मनुका, उसाचा रस, ओलं गवत, संत्र्याची साल, जुन्या गुळाचा खमंगपणा या सगळ्या चवी मराठी जिभेच्या परिचयाच्या आहेत आणि चहात खरोखर सापडतात.

कोणती पानं चाखावीत

सुरुवातीला तीनच पाकिटं पुरेत: आसाम, दार्जिलिंग, निलगिरी. आसामचा मे-जूनमधला दुसऱ्या बहराचा चहा घट्ट लालसर आणि माल्टसारखा खमंग असतो. ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात रॉबर्ट ब्रूस यांना 1823मध्ये रानटी चहा दिसला तो याच रुंद पानाच्या जातीचा. दार्जिलिंगला बहुतांशी चिनी जातीची बारीक पानाची झाडं आहेत. तिथला मार्च-एप्रिलचा पहिला बहर फिकट सोनेरी आणि फुलांच्या वासाचा, तर मे-जूनचा दुसरा बहर द्राक्षासारख्या गंधाचा. या गंधामागे एक छोटा तुडतुडा आहे. त्याने चावा घेतला की झाड बचावासाठी सुगंधी द्रव्यं तयार करतं आणि तीच कपात उतरतात. दार्जिलिंग चहाला 2004मध्ये देशातलं पहिलं भौगोलिक मानांकन मिळालं.

निलगिरीचा चहा तांबूस, स्वच्छ आणि फळाच्या गंधाचा. त्याचा एक गुण बेंगळुरूच्या मार्च-एप्रिलमध्ये फार कामाचा आहे: गार केला तरी तो सहसा गढूळ होत नाही. आसामचा कडक चहा फ्रीजमध्ये ठेवला की दुधाळ दिसतो, कारण गारठ्यात कॅफीन आणि थिआफ्लेविन एकमेकांना चिकटतात. म्हणून लिटरभर गार पाण्यात 8 ते 10 ग्रॅम निलगिरी पत्ती घालून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवावी आणि सकाळी गाळावी. विस्तव न लावता केलेला हा चहा तुरट लागत नाही आणि साखरेचीही फारशी आठवण होत नाही.

या तिघांशी ओळख झाल्यावर हिमाचलचा कांगडा घ्यावा. 1905च्या भूकंपाने तिथले मळे मोडले आणि तो उद्योग पुन्हा पहिल्यासारखा उभा राहिला नाही, पण चहा आजही होतो. पुढे श्रीलंकेचा उवा, चीनच्या अनहुई प्रांतातला कीमुन आणि फुजियान प्रांतातला, पाइनच्या लाकडाच्या धुरावर वाळवलेला लापसांग सूशाँग. लापसांगचा पहिला घोट अनेकांना झेपत नाही. पण चुलीवरच्या भाकरीचा धुरकट वास आवडणाऱ्याने तो एकदा तरी घ्यावा.

लिंबू, मीठ, गूळ, दूध

लिंबाचे चार थेंब पडताच कोरा चहा उजळ होतो. चहातली रंगद्रव्यं आम्लात फिकी पडतात आणि चिमूटभर सोडा घातला तर गडद होतात. मुलांना घरी दाखवण्यासारखा हा प्रयोग आहे. कडू झालेल्या चहात मिठाचे चार कण घातले की कडवटपणा कमी जाणवतो, कारण सोडियम जिभेवरची कडू चवीची जाणीव दाबतो. अमेरिकेतल्या ब्रिन मॉर कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापक मिशेल फ्रँकल यांनी 2024मध्ये चहावरच्या पुस्तकात हा उपाय सुचवला तेव्हा ब्रिटनमध्ये एवढी खळबळ उडाली की लंडनमधल्या अमेरिकी दूतावासाला मिश्कील खुलासा काढावा लागला.

गूळ कोऱ्या चहात उत्तम मिसळतो आणि आसामच्या पत्तीशी त्याची जोडी जमते. दुधाचं शास्त्र वेगळं. दुधातलं केसीन हे प्रथिन चहातल्या तुरट द्रव्यांना बांधून टाकतं, म्हणून दुधाचा चहा मऊ लागतो. कडक सीटीसीला हा मऊपणा हवाच असतो. दार्जिलिंगच्या पहिल्या बहरावर दूध घातलं तर मात्र ज्यासाठी पैसे मोजले तो गंधच हरवतो. सकाळचा आलं-वेलचीचा चहा बंद करायचं काही कारण नाही. दुपारचा एक कप कोऱ्या पानासाठी राखून ठेवावा.

पाकीट वाचताना

सुट्या चहाच्या पाकिटावर ओपी, एफओपी, टीजीएफओपी, एसएफटीजीएफओपी अशी अक्षरांची माळ असते. ती पानाचा आकार, अखंडपणा आणि सोनेरी कळ्यांचं प्रमाण सांगते, चवीची हमी देत नाही. बीओपी म्हणजे तुटलेलं पान. त्याहून बारीक फॅनिंग आणि सगळ्यांत बारीक डस्ट. या अक्षरांपेक्षा मळ्याचं नाव, तोडणीचा महिना आणि वर्ष पाहणं जास्त उपयोगाचं. जो विक्रेता या तिन्ही गोष्टी छापतो त्याच्याकडून आधी घ्यावं.

भेसळ ओळखण्यासाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, घरी करता येतील अशा चाचण्या सांगितल्या आहेत. गाळण्याच्या कागदावर थोडी पत्ती पसरून पाण्याचे थेंब शिंपडायचे, मग कागद नळाखाली धुवायचा. शुद्ध पत्तीचा डाग नाममात्र राहतो. रंगवलेली पत्ती कागदावर गडद तपकिरी डाग सोडते.

घरात पत्ती ठेवायची ती झाकण घट्ट बसणाऱ्या, अपारदर्शक डब्यात. ऊन, ओल आणि हवा यांनी ती उतरते, पण मराठी स्वयंपाकघरात तिचा मोठा शत्रू म्हणजे वास. हिंग किंवा गोडा मसाला शेजारी असेल तर पत्ती तो गंध ओढून घेते. मसाल्याच्या कपाटापासून डबा दूर हवा.

खर्चाचा हिशोब सोपा आहे. समजा 100 ग्रॅम पत्ती 300 रुपयांना पडली. कपाला अडीच ग्रॅम धरले तर 40 कप होतात, म्हणजे कपाला साडेसात रुपये, आणि दुसरा हात घेतला तर त्याहून कमी. दूध आणि साखरेचा खर्च नाही. किलोचा भाव ऐकून दचकणाऱ्याने कपाचा भाव काढून पाहावा.

प्रकृतीचं काय

चहाला औषध म्हणून विकणाऱ्यांपासून सावध राहावं. ब्रिटनच्या यूके बायोबँक प्रकल्पातल्या सुमारे पाच लाख लोकांच्या माहितीवरून 2022मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिवसाला दोन किंवा अधिक कप चहा पिणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण 9 ते 13 टक्क्यांनी कमी आढळलं आणि त्यातले बहुतेक लोक काळा चहा पिणारे होते. पण हा निरीक्षणाचा अभ्यास आहे. चहामुळेच आयुष्य वाढलं असं त्यातून सिद्ध होत नाही.

सल्ला म्हणून जास्त पक्क्या आहेत त्या दोन-तीन गोष्टी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या 2024च्या आहार-मार्गदर्शिकेनुसार 150 मिलिलिटर चहात 30 ते 65 मिलिग्रॅम कॅफीन असतं आणि दिवसाची मर्यादा 300 मिलिग्रॅम ठेवावी. चहातली तुरट द्रव्यं अन्नातल्या लोहाला बांधून ठेवतात, म्हणून जेवणाच्या आधी आणि नंतर किमान तासभर चहा टाळावा. नाश्त्याला पोहे खाऊन वर लगेच चहा ही आपल्याकडची घट्ट सवय. रक्तक्षय असलेल्या बायका आणि मुलींनी तरी ती मोडावी. शिवाय 65 अंशांहून गरम पेयं अन्ननलिकेच्या कर्करोगाचा संभाव्य धोका मानली जातात, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2016मध्ये जाहीर केलं. कप हातात घेतल्यावर काही मिनिटं थांबणं सोपं आहे, आणि त्या वेळात वासही नीट कळतो.

एचएसआरमधल्या किंवा कुठल्याही गावातल्या मराठी घराला एवढंच सांगणं आहे. येत्या हंगामात निलगिरीचा हिवाळी चहा मागवा, मळ्याचं नाव आणि तोडणीचा महिना छापलेला. आधी 50 ग्रॅमच घ्या. आपल्या नळाचं पाणी, आपल्या गावाची उंची आणि आपली जीभ यांना जमेल ते प्रमाण वहीत लिहून काढा. मग तोच चहा घरी आलेल्या पाहुण्याला दूध न घालता द्या आणि त्याला काय वाटलं ते विचारा.